चादरीआड वाजलेला आवाज

आण्णांचा आवाज आमच्याकडे एकाच कॅसेटवर होता. रेणापूरजवळच्या आमच्या गावात, मारुतीच्या पारावर कुणीतरी टेपरेकॉर्डर ठेवून त्यांचं भजन भरून घेतलं होतं. आण्णा शेतकरी माणूस, पण गळा असा की शेजारच्या गावातून लोक ऐकायला यायचे. ते गेल्यावर ती कॅसेट बरीच वर्षं कपाटात पडून होती. धाकट्या भावानं ती नांदेडला नेली, कॉम्प्युटरवर घातली आणि मला मोबाईलवर पाठवली. त्यासाठी मी त्याचे उपकार आजही मानते. पुढं जे झालं त्यानं ते उपकार पुसले जात नाहीत, आणि हाच माझा खरा त्रास आहे.

भाऊ नांदेडला असतो. औषधांचा होलसेलचा धंदा, दोन मजली घर. त्याला गाणं ऐकण्याचं वेड आण्णांकडूनच आलं. वरच्या मजल्यावर त्यानं एक खोली फक्त ऐकण्यासाठी केली होती. जाड पडदे, भिंतींना कसले कसले मऊ तुकडे, खाली गालिचा आणि समोर हैदराबादहून आणलेले दोन परदेशी स्पीकर. उंच, सडपातळ, अस्सल लाकडाचे. त्यांच्या किमतीत आमच्याकडं घर झालं असतं, असं आमचे हे म्हणायचे. भाऊ रविवारी सकाळी तीन मित्रांना बोलवायचा, आणि चौघं डोळे मिटून ऐकत बसायचे. मीही तिथं बसलेय. सतारीची एकेक तार वेगळी दिसावी तशी ऐकू यायची. मी खोटं कशाला बोलू, छान वाजायचे ते.

मी लातूरला. ट्यूशनच्या भागात माझी मुलींची मेस आहे. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरी, कुणी बीडची, कुणी हिंगोलीची. सकाळचा नाश्ता, दोन वेळचं जेवण. हे दालमिलमध्ये फिटर आहेत. आमच्या गल्लीत एक चाचा राहतात. त्यांच्या घरी तीन पिढ्या साउंडचा धंदा. लग्न, उरूस, जयंती, सगळीकडं त्यांचेच कर्णे नि खोके. पण आता लोकांना ट्रकभर डीजे लागतो, वर पोलिसांची कटकट. चाचांच्या पोरांनी धंदा बंद केला. सामान काढताना दोन जुने मोठे डबे राहिले. चाचांनी स्वतः तरुणपणी प्लायवूडमध्ये ठोकलेले, माझ्या छातीपर्यंत उंच, खाली परातीएवढा स्पीकर, वर भोंगा. काळा रंग उडालेला, कोपऱ्यांना पत्रा. कुणी घेईना. यांनी भंगाराच्या भावात घेतले.

"घरात लावता?" चाचा म्हणाले. "पोरी पळून जातील वैनी तुमच्या."

मलाही तसंच वाटलं होतं. दाराच्या आत डबे आले तेव्हा मी यांच्यावर ओरडले. दोन डब्यांनी बैठकीची अर्धी भिंत खाल्ली. पण यांना यंत्राचा नाद. सुट्टीच्या दिवशी हे बसले, चाचांकडूनच एक छोटी जुनी मशीन, म्हणजे ॲम्प्लिफायर, आणली. भोंगा कानाला टोचत होता म्हणून त्याच्या तोंडावर माझी जुनी शाल चौघडी करून बांधली. आवाज अगदी बारीक ठेवला. मग म्हणाले, "तुझ्या आण्णांचं लाव."

मी पोळ्या लाटत होते. हात पिठाचे तसेच होते. आण्णांनी भजन सुरू करायच्या आधी घसा साफ केला आणि मी लाटणं खाली ठेवलं.

मोबाईलवर मी ते शंभरदा ऐकलं असेल. भावाच्या खोलीतही ऐकलं होतं. तिथं आण्णांचा आवाज स्वच्छ यायचा, धुतलेल्या कपड्यासारखा. इथं आण्णाच आले. त्यांची छाती आली. पखवाजाच्या थापेनं पाटावरचं पीठ हललं असं मला वाटलं, ते खरं नसेलही. मोठ्या डब्याला बारीक आवाज काढायला काही कष्टच नव्हते. दांडगा माणूस हळू बोलतो तसं ते वाजत होतं. मी उंबऱ्यावर बसले आणि रडले. पुढं मेसच्या पोरीही कधीमधी येऊन बसायला लागल्या. "काकू, आजोबांचं लावा ना," म्हणायच्या.

मग एका लग्नाच्या निमित्तानं भाऊ लातूरला आला. दारातूनच डबे दिसले तसा हसायला लागला.

"आक्का, हे काय! वरात काढून राहिलीस का घरात?"

"बस. ऐक आधी."

मी आण्णा लावले. तो सोफ्याच्या कडेला बसला. हसू हळूहळू गेलं. भजन संपेपर्यंत तसाच ऐकत राहिला. संपल्यावर उठला आणि म्हणाला, "वरचे सूर फाटतात गं. आणि मागं खरखर किती!"

"ते हाय. पण आण्णा?"

"ते तुला वाटतंय. मोठा डबा म्हणजे मोठा आवाज, एवढंच असतं त्यात. ज्याला कान हाय त्याला कळतं."

हे शब्द मला लागले. मी म्हणाले, मग तुझ्या डोळे मिटणाऱ्या मित्रांसमोर होऊन जाऊ दे. डबे नांदेडला आणते. मध्ये चादर टांग. कुठलं वाजतंय ते कुणाला दिसायला नको. त्यांनाही नाही, मलाही नाही. मी गमतीनंच बोलले होते. पण भाऊ म्हणाला, "हाव, चालेल," आणि यांनी खरोखरच मिलचा नांदेडला जाणारा टेम्पो गाठला. तुरीच्या डाळीच्या पोत्यांवर आमचे डबे चढले. आम्ही दोघं मागून एसटीनं गेलो.

त्या रविवारी सकाळी भावाच्या खोलीत एका तारेवर पलंगावरची निळी चादर टांगली होती. चादरीमागं दोन्ही जोड्या शेजारी शेजारी. वायरी बदलायला भावजय मागं बसली. कुठली जोडी आधी, कुठली नंतर, हे भावानं तिला आधी सांगून ठेवलं होतं. दोन्हींचा आवाज सारखा राहावा म्हणून त्यानं मोबाईलवर मोजलाही. हे त्याचं बरोबर होतं. जे जरा मोठं वाजतं तेच चांगलं वाटतं, हे मलाही मान्य होतं. समोर तिघं मित्र, एक बँकेतले साहेब, एक वकील, एक दुकानदार. मी, हे आणि भाऊ.

आधी सतार लावली. एकदा 'पहिला', एकदा 'दुसरा'. सतारीला दुसरा सरस होता, हे मीही बोलले. तारा सुट्या झाल्या, झणकार कुठं विरला ते कळलं. मग तबला. त्यात आमची मतं फुटली. शेवटी आण्णा.

पहिला वाजला आणि घसा साफ केल्याचा आवाज आला, तसं माझं भान गेलं. सगळ्यांसमोर पदर डोळ्याला लावला. दुसरा वाजला तेव्हा तोच धुतलेला आवाज. विचारायचं कारणच नव्हतं. तरी भावानं सगळ्यांना विचारलं. तिघंही म्हणाले, आवाजाला पहिला. बँकेतले साहेब तर म्हणाले, "पहिल्यात गाणारा माणूस समोर बसलाय."

मी भावाकडं बघितलं. माझ्या तोंडावर हसू असणार. माझे डबे जिंकले, आण्णांच्या आवाजात तरी जिंकले, याची मला खात्री होती.

भाऊ उठला आणि टाळी वाजवली. "बघा," तो म्हणाला. "आम्ही दर वेळी क्रम बदलत होतो. सतारीला दुसरा म्हणजे माझे. आणि आण्णांना पहिला, तेही माझेच. आक्का, तू माझ्याच स्पीकरवर रडलीस की!"

सगळे हसले. मीही हसले, हसावंच लागलं. आत मात्र काहीतरी खचलं. डबे हरले याचं वाईट नव्हतं. ते प्लायवूडचे, भंगारातले, हरले तर हरले. पण मी ज्याला आण्णा समजले ते माझ्या घरातल्या आवाजात नव्हतंच? माझा कानच खोटा? चादर ओढली की मला बापाचा आवाज ओळखता येत नाही?

जेवताना भाऊ लई प्रेमानं वागला. म्हणाला, "आता ही धुडं परत कशाला नेता? इथं एका मंगल कार्यालयवाल्याला पाहिजेत, देऊन टाकतो. तुला माझी जुनी छोटी जोडी देतो. चांगल्या कंपनीची हाय." हे मला बाजूला घेऊन म्हणाले, "मला हा निकाल न्हाई पटत. परत नेऊ." मी यांनाच गप्प केलं. माझं मन उडालं होतं. आम्ही त्या छोट्या जोडीची पेटी मांडीवर घेऊन एसटीनं लातूरला आलो.

ती जोडी मी फळीवर ठेवली. दिसायला सुबक होती. आण्णा लावायची आणि स्वतःला सांगायची, हेच खरं, हेच चांगलं, तज्ज्ञ माणसांनी सांगितलंय. कधीकधी पटायचंही. पण पोरी येईनाशा झाल्या. "काकू, ते मोठे कुठं गेले?" असं एकीनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "ते बरोबर वाजत नव्हते." पुढं पुढं मी आण्णा लावणंच सोडलं.

दुसऱ्या वर्षी आण्णांच्या श्राद्धाला आम्ही सगळे गावी जमलो. दुपारी जेवणं उरकल्यावर मी आणि भावजय मागच्या पडवीत भांडी पुसून ठेवत होतो. ती स्वभावानं गरीब, नवऱ्याच्या शब्दाबाहेर नाही. बोलता बोलता म्हणाली, "आक्का, तुमचे ते मोठे डबे असते तर आज इथं आण्णांचं भजन लावलं असतं. त्या दिवशी चादरीमागं माझ्या अंगावर काटा आला होता."

"तुझ्या स्पीकरवर वाजलं ते," मी म्हणाले.

तिचा हात थांबला. "म्हंजे?"

"आण्णांना पहिला वाजला तो तुमचा होता ना."

"न्हाई हो. पहिला तुमचाच. तिन्ही वेळेला तुमचाच. क्रम बदललाच न्हाई. यांनी सांगितलं होतं, आधी आक्काचे, मग आपले, गोंधळ नको." तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "तुम्हाला ठाऊक न्हाई? मला वाटलं लोकं गेल्यावर सांगितलं असंल. मला म्हणले, चेष्टा केली आक्काची, नंतर सांगतो."

मी हातातलं तांब्याचं भांडं पुसत राहिले. बराच वेळ तेच भांडं. डोक्यात एकच फिरत होतं. सतारीत त्याचे जिंकले होते. खरेच जिंकले होते, मी स्वतः कबूल केलं होतं. आण्णांच्या आवाजात माझे जिंकले. अर्धं अर्धं. महागातली वस्तू नाजूक कामाला चांगली, आणि साध्या मोठ्या डब्यानं एका गोष्टीत तिला मागं टाकलं, एवढंच खरं होतं. त्याची लाज वाटण्यासारखं त्यात काय होतं? एवढं अर्धंही त्याला बहिणीला देववलं नाही.

भाऊ विहिरीकडं गेला होता. मी तशीच गेले. तो चिंचेखाली फोनवर बोलत उभा होता. मला येताना बघून त्यानं फोन ठेवला. माझ्या चालीवरूनच त्याला कळलं असावं.

"क्रम बदलला होता का?" मी विचारलं.

त्यानं फोन खिशात घातला. मग म्हणाला, "कोण, ती बोलली का?"

"तिला काय विचारायचं ते मला विचार. बदलला होता का?"

"आक्का, बारकी गोष्ट हाय. किती दिवस झाले."

"मग सांग ना."

"न्हाई बदलला," तो म्हणाला. "पण तू समजून घे. ती माणसं दर रविवारी माझ्याकडं येतात. त्यांच्यासमोर मी काय म्हणणार होतो? भंगारातला डबा लई भारी निघाला म्हणून? मी आयुष्यभर त्यासाठी..."

"मला तरी सांगायचं होतंस. त्याच दिवशी, जेवताना."

"सांगणार होतो."

"मला वाटलं माझा कान गेला. मला वाटलं मी आण्णांना विसरले. वर्षभर मी त्यांचं भजन लावलं नाही, हे कळतंय का तुला?"

तो खाली बघत म्हणाला, "इतकं मनाला लावून घेशील असं वाटलं नव्हतं गं."

मी डबे कुठं आहेत विचारलं. मंगल कार्यालयात कुणीतरी मशीनचा आवाज पूर्ण वाढवला आणि दोन्ही जळाले. मग ते भंगारात गेले. हेही त्यानं मला कळवलं नव्हतं. मी म्हणाले, डबे राहू दे. त्या तिघांना खरं सांग. पुढच्या रविवारी सांग. तो लगेच म्हणाला, "सांगतो. शप्पथ. आण्णांची शप्पथ." माझे पाय धरायला वाकला. मी धरू दिले नाहीत, पण मन जरा निवलं. धाकटा भाऊ, मीच कडेवर वागवलेला. चूक कबूल केली, आता संपलं असं मला वाटलं.

नंतर फोनवर त्यानं स्वतःहून सांगितलं की बोललो मित्रांशी, सगळे हसले, तुझं कौतुक केलं. मी विश्वास ठेवला.

जूनमध्ये ट्यूशनची भरती सुरू झाली. गल्ल्या आईबापांनी आणि बॅगांनी भरल्या. एक दिवस दारात ते बँकेतले साहेब उभे, सोबत त्यांची बायको आणि मुलगी. भावानंच माझा पत्ता दिला होता. मुलीला माझ्याकडं जेवायला ठेवायचं होतं. मी त्यांना बसवलं, चहा केला. साहेब मोकळ्या स्वभावाचे. मुलीला म्हणाले, "ह्याच त्या मावशी, ज्या भावाच्या स्पीकरवर रडल्या होत्या." बायकोही हसली. तिलाही गोष्ट माहीत होती.

माझ्या हातातला ट्रे तसाच राहिला.

"कधी सांगितलं त्यानं हे?"

"अहो, नेहमीच सांगतो. नवा माणूस आला की सांगतो. लातूरची बहीण स्वतःचे डबे घेऊन आली आणि माझ्याच स्पीकरवर रडली. गेल्या रविवारीसुद्धा सांगितली."

मी ट्रे टेबलावर ठेवला. म्हटलं, हे लपवून मला काही मिळणार नाही. मी सरळ सांगितलं की साहेब, ते माझे डबे होते. क्रम बदललाच नव्हता. त्यानं तुम्हाला सांगितलं असेल असं मला वाटत होतं.

साहेबांनी कप बशीत ठेवला. त्यांना धक्का बसेल असं मला वाटलं होतं. बसला नाही. ते बायकोकडं बघून जरा कसनुसं हसले आणि म्हणाले, "ताई, आम्ही त्याचे स्पीकर चार वर्षं ऐकतोय. ते कसे वाजतात हे आम्हाला कळणार नाही का? पहिला आवाज त्यांचा नव्हता, हे सगळ्यांनाच तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाही?"

"त्याच्या घरात बसलो होतो. त्याचा चहा पीत होतो. आणि खरं सांगू, आम्हाला वाटलं तुम्हालाही कळलंय, भावाचा मान राखताय. तुम्ही हसलात ना."

मी हसले होते, हे खरं. त्या खोलीत सहा माणसं होती, चादरीमागं सातवी. फसले होते ते आम्ही दोघंच. तसे हेही फसले नव्हते म्हणा, पहिल्यापासून न्हाई पटत म्हणत होते. फसले ती एकटी मीच, आणि बाकीचे मला फसताना बघत बसले. सभ्य माणसं, सगळी.

मुलीचा काय दोष? तिला ठेवून घेतलं. लाजरी पोर आहे, भाकरी आवडीनं खाते. जाताना साहेब दारात घुटमळले, म्हणाले, "मी बोलू का त्याच्याशी?" मी म्हणाले, "आता नका बोलू. तेव्हा बोलायचं होतं." ते मान खाली घालून रिक्षात बसले.

मी भावाला पुन्हा विचारलं नाही. आण्णांची शप्पथ घेऊन जो खोटं बोलला त्याला आणखी काय विचारणार? भावजयीशी माझं बोलणं आहे, ती दोनदा फोनवर रडली. यंदा राखीला तो आला, मी राखी बांधली, जेवू घातलं. फळीवरची त्याची छोटी जोडी मी पेटीत भरून तयार ठेवली होती. निघताना पेटी त्याच्या गाडीत ठेवली. "हे काय आक्का?" तो म्हणाला. "तुझं तुला," मी म्हणाले. त्यानं पेटीकडं बघितलं, गाडी चालू केली आणि गेला.

यांनी शिरूर अनंतपाळला एका मांडववाल्याकडं तसेच जुने डबे बघून ठेवलेत. मेसच्या पोरी विचारतात, कधी आणणार. मी अजून हो म्हटलेलं नाही. डबे येतीलही आणि वाजतीलही चांगले, त्याबद्दल आता मला कुणाचं प्रमाणपत्र नको. पण आण्णा लावले आणि त्यांनी घसा साफ केला, की त्याच्या पाठोपाठ भावाची ती टाळी ऐकू येईल याची मला भीती वाटते.